सामाजिक वास्तवाचा अभ्यास : तात्त्विक भूमिका

समाजातील संस्था, नियम, संबंध, रूढी आणि घटना यांच्या समुच्चयास सामाजिक वास्तव असे म्हणतात. चलनी नोट, विवाह, जात, न्यायालय, जमिनीचा सातबारा ही या वास्तवाची परिचित उदाहरणे होत. पर्वताचे किंवा नदीचे अस्तित्व मनुष्याच्या समजुतीवर अवलंबून नसते. नोटेचे मूल्य मात्र लोक ती स्वीकारतात म्हणूनच टिकते; तथापि एखाद्या व्यक्तीने ते मनातून नाकारले, तर ते नाहीसे होत नाही. माणसांनीच निर्माण केलेले आणि तरीही प्रत्येक माणसाला बाहेरून बांधून ठेवणारे असे सामाजिक वास्तवाचे दुहेरी स्वरूप असते. या स्वरूपामुळे सामाजिक शास्त्रांपुढे तीन तात्त्विक प्रश्न उभे राहतात. हे वास्तव ज्ञात्याच्या मनाहून कितपत स्वतंत्र आहे, हा सत्ताशास्त्रीय प्रश्न होय. ते कोणत्या रीतीने जाणता येते, हा ज्ञानशास्त्रीय प्रश्न होय. अभ्यासक स्वतः समाजाचा घटक असताना त्याचे ज्ञान निःपक्षपाती राहू शकते काय, हा तिसरा प्रश्न मूल्यविषयक आहे. या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांनुसार निरनिराळ्या तात्त्विक भूमिका निर्माण झाल्या आहेत. आत्महत्या या विषयावर जवळजवळ प्रत्येक भूमिकेच्या पुरस्कर्त्यांनी आपली पद्धती पारखून पाहिली आहे. त्यामुळे या भूमिकांची तुलना करण्यास तो विषय विशेष सोयीचा ठरतो.

प्रत्यक्षार्थवाद : निसर्गविज्ञानांची पद्धतीच समाजाच्या अभ्यासासही लागू पडते, हे या भूमिकेचे मूलसूत्र होय. ऑग्यूस्त काँत (१७९८–१८५७) या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३०–४२ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात धर्मशास्त्रीय, तत्त्वमीमांसात्मक आणि प्रत्यक्षार्थी अशा मानवी विचाराच्या तीन अवस्था कल्पिल्या आणि समाजशास्त्रास विज्ञानांच्या श्रेणीत सर्वांत वरचे स्थान दिले. याच सुमारास आडॉल्फ केतले (१७९६–१८७४) या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने गुन्हे, विवाह आणि आत्महत्या यांची वार्षिक संख्या आश्चर्यकारक रीत्या स्थिर राहते, हे १८३५ मध्ये दाखवून दिले. व्यक्तीच्या दृष्टीने अत्यंत खाजगी असलेले निर्णय समाजाच्या पातळीवर नियमबद्ध दिसतात, या निष्कर्षाने त्या काळच्या विचारवंतांस अस्वस्थ केले.

एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) याने या निष्कर्षास सैद्धांतिक रूप दिले. सामाजिक तथ्ये वस्तूंप्रमाणे मानून अभ्यासावीत, असे त्याने १८९५ च्या आपल्या पद्धतिविषयक ग्रंथात प्रतिपादिले. व्यक्तीच्या बाहेर असणे आणि व्यक्तीवर दडपण आणणे ही त्याच्या मते सामाजिक तथ्याची दोन लक्षणे होत. ल स्विसीद (१८९७, म. शी. ‘आत्महत्या’) या ग्रंथात त्याने आपला सिद्धांत कसोटीस लावला. या ग्रंथासाठी सुमारे २६,००० प्रकरणांचे वर्गीकरण त्याचा भाचा मार्सेल मोस याने केले होते. प्रॉटेस्टंट प्रदेशांत कॅथलिक प्रदेशांपेक्षा, तसेच अविवाहितांत मुलेबाळे असणाऱ्या विवाहितांपेक्षा आत्महत्यांचे प्रमाण अधिक आढळते. राजकीय संघर्षाच्या काळात ते घटते आणि केवळ आर्थिक अरिष्टातच नव्हे, तर अचानक आलेल्या समृद्धीतही ते वाढते, असे त्याला दिसून आले. यावरून हे प्रमाण दारिद्र्यावर किंवा मनोविकारावर अवलंबून नसून समाजाची एकात्मता आणि नियमन यांच्या तीव्रतेवर अवलंबून असते, असा निष्कर्ष त्याने काढला.

द्यूरकेमचे यश निर्विवाद आहे. वैयक्तिक दुःखाच्या मुळाशी समाजरचना असू शकते, हे त्याने तर्काने आणि आकड्यांनी दाखविले. तथापि त्याच्या मांडणीत एक अंतर्विरोध राहून गेला. हेतू बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याने आत्महत्येच्या व्याख्येतून हेतू वगळला. परंतु परिणामाची जाणीव असूनही केलेली कृती अशी अट मात्र ठेवली. जाणीवही हेतूइतकीच आंतरिक असते. त्याचप्रमाणे सरकारी तक्त्यांतील कारणांचा रकाना म्हणजे केवळ अधिकाऱ्यांचे मत होय, असे म्हणून त्याने तो बाजूस सारला. पण मृत्यू आत्महत्येने झाला की अपघाताने, हे ठरविणारे अधिकारी तेच असताना त्यांची बेरीज मात्र त्याने विश्वासार्ह मानली. पुढील टीकाकारांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले.

अर्थबोधवाद : मानवी कृती ही अर्थपूर्ण असते, म्हणून तिचे केवळ बाह्य निरीक्षण पुरेसे नाही, तिचे आकलन व्हावे लागते, असे ही भूमिका मानते. व्हिल्हेल्म डिल्टाय (१८३३–१९११) याने १८८३ मध्ये मानव्यविद्या आणि निसर्गविज्ञाने यांतील भेद स्पष्ट केला. निसर्गाचे स्पष्टीकरण देता येते, मानसिक जीवनाचे मात्र आकलन करून घ्यावयाचे असते, हे त्याच्या विवेचनाचे सार होय. व्हिल्हेल्म व्हिंडेलबांट याने १८९४ मध्ये नियमशोधक आणि विशिष्टवर्णनपर शास्त्रे असा भेद केला.

माक्स वेबर (१८६४–१९२०) याने स्पष्टीकरण आणि आकलन यांचा समन्वय साधण्याचा सर्वांत प्रभावी प्रयत्न केला. कर्ता आपल्या वर्तनास जो अर्थ देतो तो जाणून घेणे ही समाजशास्त्राची पहिली पायरी होय. परंतु पटण्याजोगा अर्थ सापडला म्हणजे तेच खरे कारण ठरले, असे वेबर मानत नाही. अर्थाच्या दृष्टीने आणि कारणाच्या दृष्टीने, अशा दोन्ही अंगांनी स्पष्टीकरण पुरेसे ठरले पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. १९०४ मधील वस्तुनिष्ठतेवरील निबंधात त्याने आदर्शप्ररूप ही संकल्पना विशद केली. वास्तवातील काही लक्षणे हेतुतः ठळक करून रचलेला हा बौद्धिक नमुना असून, प्रत्यक्ष वास्तव त्यापासून किती दूर आहे, हे मोजण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अभ्यासविषयाची निवड मूल्यांनी प्रभावित होते, हे त्याने मान्य केले. विश्लेषण मात्र मूल्यनिरपेक्ष असावे, अशी मर्यादा घालून दिली.

वेबरच्या भूमिकेतील अडचण त्याच्याच अध्ययनातून प्रकट होते. कॅल्व्हिनपंथीयांना मोक्षाची चिंता होती, भांडवलशाही निर्माण करण्याची नव्हे. म्हणजेच त्यांच्या कृतीचा अर्थ जाणूनही तिचा सर्वांत महत्त्वाचा सामाजिक परिणाम कळत नाही. कर्त्यांना अभिप्रेत नसलेले परिणाम समाजात घडून येतात आणि रचना म्हणून स्थिर होतात. त्यांचा उलगडा अभिप्रेत अर्थावरून होऊ शकत नाही.

रूपविवेचनवाद व भाषिक विश्लेषण : आल्फ्रेट शुट्स (१८९९–१९५९) याने व्हिएन्ना येथे १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेबरच्या ‘अर्थ’ या संकल्पनेची चिकित्सा हुसेर्लच्या रूपविवेचनवादाच्या आधारे केली. दैनंदिन जीवनात माणसे परस्परांचे वर्तन ठरीव नमुन्यांच्या साहाय्याने ओळखतात. शास्त्रज्ञाच्या संकल्पना या अशा लोकसंकल्पनांवर उभारलेल्या दुसऱ्या पायरीच्या संकल्पना असतात, असे त्याने दाखविले. पीटर बर्गर आणि टोमास लुकमान यांच्या १९६६ च्या ग्रंथामुळे वास्तवाची सामाजिक रचना ही कल्पना सर्वत्र प्रसृत झाली. पीटर विंच (१९२६–९७) या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये व्हिटगेन्‌श्टाइनच्या आधारे असे प्रतिपादन केले, की सामाजिक वर्तन नियमानुसारी असते आणि नियमाचा अर्थ त्या जीवनपद्धतीच्या आतूनच कळतो. म्हणून समाजाचा अभ्यास निसर्गविज्ञानापेक्षा तत्त्वज्ञानास अधिक जवळचा आहे.

जॅक डग्लस याने १९६७ मध्ये आणि मॅक्सवेल ॲट्किन्सन याने १९७८ मध्ये ही दृष्टी आत्महत्येच्या अभ्यासास लावली. डग्लसच्या मते ज्या समाजात आत्महत्या हे पाप मानले जाते आणि कुटुंबसंबंध दाट असतात, तेथे ती लपविण्याची प्रवृत्तीही बळकट असते. तेव्हा द्यूरकेमला आढळलेला फरक मृत्यूंमधील नसून नोंदींमधील असणे शक्य आहे. इंग्लंडमधील मृत्युचौकशी अधिकारी मृताचे पूर्वायुष्य, स्थळ आणि परिस्थिती यांवरून व्यवहारज्ञानाच्या ठरीव चौकटीत निर्णय घेतात आणि ते निर्णय पुन्हा त्या चौकटीस पुष्टी देतात, असे ॲट्किन्सनला आढळले.

ही टीका मर्मभेदी असली, तरी तिच्या टोकाच्या रूपात ती स्वतःचाच आधार काढून घेते. आत्महत्या म्हणजे अधिकाऱ्यांनी आत्महत्या ठरविलेला मृत्यू, एवढेच म्हटले, तर नोंद चुकली किंवा लपविली गेली, हे विधान निरर्थक होते. लपविणे या क्रियापदातच लपविलेली गोष्ट गृहीत धरलेली असते. विंचच्या भूमिकेसही अशीच मर्यादा आहे. नियमांचा अर्थ आतून कळतो हे मान्य केले, तरी त्या ‘आत’च्या वतीने कोणी बोलावयाचे, हा प्रश्न उरतोच. नियम करणाऱ्याला दिसणारा अर्थ आणि नियमाखाली दडपलेल्याला दिसणारा अर्थ एक नसतो.

चिकित्सक भूमिका : १९६१ मध्ये ट्यूबिंगेन येथे जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेत कार्ल पॉपर (१९०२–९४) आणि टेओडोर आडोर्नो (१९०३–६९) यांची सामाजिक शास्त्रांच्या तर्कपद्धतीवर व्याख्याने झाली. त्यांतून उद्‌भवलेला वाद प्रत्यक्षार्थवादाचा वाद म्हणून ओळखला जातो. पॉपरने मात्र प्रत्यक्षार्थवादी हे विशेषण स्वतःस कधीच मान्य केले नाही. सिद्धांत धाडसाने मांडावेत आणि त्यांच्या खंडनाचा कसून प्रयत्न करावा. वस्तुनिष्ठता एकेका शास्त्रज्ञाच्या मनात नसून परस्परटीकेच्या सार्वजनिक परंपरेत असते, असे त्याचे मत होते. जो समाज स्वतः अंतर्विरोधांनी भरलेला आहे, त्याचे सुटे-सुटे भाग तपासून समग्राचे ज्ञान होत नाही आणि समाजाची चिकित्सा ही केवळ विधानांची चिकित्सा राहू शकत नाही, असा आडोर्नोचा आक्षेप होता. युर्गेन हाबरमास याने १९६८ मध्ये ज्ञानामागील तांत्रिक, व्यावहारिक आणि मुक्तिदायी असे तीन हितसंबंध मांडून या वादास व्यापक रूप दिले. ज्ञान कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न या भूमिकेने अटळ केला. परंतु मुक्ती कशास म्हणावे, याचा निकष सर्वमान्य रीतीने सिद्ध करणे तिला जड गेले.

वास्तववाद : रॉय भास्कर (१९४४–२०१४) याने १९७९ मध्ये प्रत्यक्षार्थवाद आणि अर्थबोधवाद या दोहोंच्या पलीकडे जाण्याचा मार्ग सुचविला. त्याच्या मते वास्तव हे अनुभवात येणाऱ्या घटनांपुरते मर्यादित नसते. घटना घडविणाऱ्या यंत्रणा त्यांच्याखाली कार्यरत असतात आणि त्या प्रत्येक वेळी दृश्य परिणाम घडवितातच असे नाही. समाजरचना व्यक्तींच्या आधी अस्तित्वात असते, परंतु त्यांच्या कृतींमधूनच टिकते किंवा पालटते. जॉन सर्ल याने १९९५ मध्ये संस्थात्मक तथ्यांचे विश्लेषण करून, विशिष्ट संदर्भात एखादी वस्तू अमुक म्हणून गणली जाते, या सामूहिक मान्यतेवर त्यांचे अस्तित्व अवलंबून असते, असे दाखविले. इअन हॅकिंग (१९३६–२०२३) याने आणखी एक भेद लक्षात आणून दिला. खनिजांचे वर्गीकरण केल्याने खनिजे बदलत नाहीत. माणसांना मात्र आपले वर्गीकरण कळते, ती त्यानुसार वागू लागतात किंवा त्यास विरोध करतात, आणि मग वर्गीकरणही बदलावे लागते.

भारतीय संदर्भ : हॅकिंगने सांगितलेल्या प्रक्रियेचे ठळक उदाहरण भारताच्या जनगणनेत सापडते. १९०१ च्या जनगणनेत हर्बर्ट रिझली (१८५१–१९११) या आयुक्ताने जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा उपक्रम केला. त्यानंतर अनेक जातींच्या सभांनी वरचे स्थान मिळावे म्हणून अर्ज केले. मोजणीने वास्तवाचे चित्र काढावयाचे होते. पण त्या चित्राने वास्तवास नवा आकार दिला.

रिझलीने जातीचा उलगडा वंश आणि शरीरमापन यांच्या आधारे केला. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी १९०९ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जातीचा विचार जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात या दोघांसह इतर अभ्यासकांच्या व्याख्या तपासल्या आणि अंतर्विवाह हेच जातीचे व्यवच्छेदक लक्षण होय, असे प्रतिपादिले. निबंधाच्या शीर्षकात यंत्रणा हा अर्थ देणारा शब्द आहे, हे लक्षणीय होय. अंतर्विवाह टिकवावयाचा, तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांच्या संख्येचा समतोल राखावा लागतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या गरजेतून निर्माण झाल्या आणि त्यांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान नंतर आले, अशी ही मांडणी आहे. येथे लोकांनी दिलेला अर्थ नाकारलेला नाही. पण तो स्पष्टीकरण म्हणून न स्वीकारता स्पष्टीकरणाचा विषय बनविला आहे. ‘वास्तववाद’ हे नाव पद्धतिविचारात रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही वास्तववादी विवेचनाची उत्तम प्रत होय.

अनुभव आणि सिद्धांत यांच्या संबंधाचा प्रश्न अलीकडे पुन्हा पुढे आला आहे. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय सामाजिक शास्त्रांतील विषमतेवर बोट ठेवले. सिद्धांत मांडणारे एक आणि केवळ अनुभव पुरविणारे दुसरे, अशी ही विभागणी आहे. सुंदर सरुक्काई यांच्याबरोबरच्या २०१२ च्या ग्रंथात हा वाद विस्ताराने आला आहे. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रियांच्या दृष्टिबिंदूतून ज्ञानरचनेचा विचार केला. तो दृष्टिबिंदू जन्माने आपोआप मिळत नसून संघर्षातून आणि अभ्यासातून घडवावा लागतो व इतरांनाही तो आत्मसात करता येतो, या त्यांच्या भूमिकेमुळे अनुभवाचे प्रामाण्य आणि ज्ञानाची सार्वजनिकता या दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

शेतकरी-आत्महत्यांची नोंद : या तात्त्विक भेदांचे व्यावहारिक परिणाम किती दूरगामी असतात, हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या नोंदींवरून स्पष्ट होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साठी शेतीत स्वयंरोजगार असलेल्यांच्या सदराखाली ११,७७२ आत्महत्या दाखविल्या आहेत. २०१४ पासून शेतकरी आणि शेतमजूर अशी वेगळी सदरे करण्यात आली. त्या वर्षीचे आकडे अनुक्रमे ५,६५० आणि ६,७१० असे आहेत. केवळ पहिले सदर पाहणाऱ्यास एका वर्षात संकट निम्म्याने ओसरल्याचा भास होईल. दोन्हींची बेरीज मात्र १२,३६० येते. शेतात राबणाऱ्या स्त्रीची नोंद अनेकदा गृहिणी म्हणून होते आणि ती शेतीच्या कोणत्याच सदरात येत नाही. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक समस्या आणि आजारपण ही कारणे मोठ्या प्रमाणात आढळतात. परंतु कर्ज, नापिकी, आजार आणि घरातील कलह एकमेकांत गुंतलेले असताना रकाना त्यांपैकी एकच मागतो.

नोंदीचा प्रवासही विचारात घेण्याजोगा आहे. पोलीस ठाण्यात प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो आणि मग मृत्यूचा प्रकार ठरतो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने तो सौम्य केला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती सर्वसाधारण तरतूद राहिली नाही. गुन्ह्याचे आणि लोकापवादाचे भय असते, तेथे नोंद कमी होण्याकडे कल असतो. उलट, महाराष्ट्रात शासकीय साहाय्याची योजना असल्याने नोंदीस वेगळे महत्त्व येते. एक लाख रुपयांच्या या साहाय्यासाठी कुटुंबाच्या नावे जमीन, अधिकृत स्रोताकडील कर्ज, परतफेडीचा तगादा यांसारख्या बाबी तपासून जिल्हा पातळीवरील समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरविते. बटाईने कसणारा किंवा विनापरवाना सावकाराकडून कर्ज घेणारा या चौकटीत बसत नाही. ‘अपात्र’ या एका शब्दाने त्याच्या मृत्यूचे सामाजिक स्वरूप पालटते. शासकीय कागदावर तो शेतीच्या संकटाचा भाग राहत नाही. घरातील कर्ज आणि कसावयाची जमीन यांचा प्रश्न मात्र मागे राहिलेल्या स्त्रीपुढे तसाच असतो.

मूल्यमापन : या एका उदाहरणात प्रत्येक भूमिकेचे बळ आणि तिची उणीव या दोन्ही गोष्टी दिसून येतात. द्यूरकेमप्रमाणे आकड्यांचा आग्रह धरला नाही, तर विखुरलेल्या मृत्यूंमागील सामाजिक कारण दिसतच नाही. शेकडो गावांतील दुःख खाजगी राहते. वेबरप्रमाणे अर्थ शोधला नाही, तर गावात पत गमावणे म्हणजे काय, मुलीचे लग्न लांबणीवर पडणे कशाचे द्योतक आहे, हे आकड्यावरून कळत नाही. डग्लस आणि ॲट्किन्सन यांचा इशारा दुर्लक्षिला, तर सदर बदलल्याने झालेली घट ही परिस्थितीतील सुधारणा समजली जाते. चिकित्सक विचारवंतांचा प्रश्न विसरला, तर ‘शेतकरी’ या शब्दाची व्याख्या कोणाच्या सोयीची आहे, हे कोणी विचारत नाही.

मात्र या भूमिका समान तोलाच्या आहेत आणि अभ्यासकाने आपल्या रुचीनुसार कोणतीही निवडावी, असे यावरून सिद्ध होत नाही. नोंद ही समाजाने रचलेली असते, हे विधान आणि नोंद चुकीची असू शकते, हे विधान ही दोन्ही एकाच वेळी सत्य मानावयाची असतील, तर नोंदीहून निराळे असे काही वास्तव आहे, हे मान्य करणे भाग पडते. ते मान्य करण्यासाठी लोकांचे अर्थ बाजूला सारावे लागत नाहीत, किंवा नोंद करणाऱ्याची सत्ता दृष्टीआड करावी लागत नाही. या अर्थाने मर्यादित वास्तववाद ही आजच्या भूमिकांतील सर्वांत समर्थनीय भूमिका ठरते. तिची कठीण बाजू अशी, की अदृश्य यंत्रणांविषयीचे दावे सहज करता येतात आणि तपासणे अवघड असते. निसर्गविज्ञानाप्रमाणे प्रयोगशाळेत त्या वेगळ्या काढता येत नाहीत. म्हणून पॉपरने सांगितलेल्या सार्वजनिक टीकेच्या शिस्तीवाचून वास्तववाद हाही एक प्रकारचा समजच ठरण्याचा धोका राहतो. केंद्र शासनाने २०२५ मध्ये पुढील जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या मोजणीची सदरे ठरविणे, ती वापरणे आणि त्यांच्या आधारे निष्कर्ष काढणे या प्रत्येक टप्प्यावर प्रस्तुत विवेचनातील प्रश्न पुन्हा उभे राहणारे आहेत. त्यांची उत्तरे केवळ तत्त्वज्ञांपुरती मर्यादित नाहीत. कोणाचे दुःख मोजले जाईल आणि कोणाचे मोजणीबाहेर राहील, हे बव्हंशी त्यांवरच ठरते.